सांडपाण्याला गिऱ्हाईक हवे

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कोणत्याही शहराच्या नगरपालिकेचा इतिहास सांगायचा झाला, की आपण तलावांपासून आणि धरणांपासून सुरुवात करतो. मुंबई म्हटले की विहार, तुळशी, तानसा. पुणे म्हटले की कात्रजचा तलाव आणि खडकवासला. नागपूर म्हटले की अंबाझरी, गोरेवाडा आणि पेंच. पाणी शहरात कसे आले याच्या हकिकती पुस्तकांत असतात, त्यासाठी कोणी किती पैसे दिले याच्या पाट्या भिंतींवर असतात. आलेले पाणी पुढे गेले कुठे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

अभियंत्यांचा या बाबतीतला हिशेब अगदी साधा आहे. घरात नळाने शंभर लिटर पाणी आले, तर त्यातले सुमारे ऐंशी लिटर मोरीतून आणि संडासातून बाहेर पडते. म्हणजे शहरासाठी नवा तलाव बांधला, की त्याच्या चार पंचमांश इतक्या घाण पाण्याचीही सोय आपल्याला करावी लागते. तलावाचे उद्‌घाटन होते. त्या चार पंचमांशाचे काय करायचे, हे पुढच्या पिढीवर सोपवले जाते. नगरपालिकांचे जुने अहवाल वाचताना ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली आणि त्यातूनच हा विषय मनात घोळू लागला. सांडपाण्यावर देखरेख कोणी करायची, आणि ते पुन्हा वापरायचे तर कोणाच्या भरवशावर, या प्रश्नाला आपल्याकडे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो मुंबईपासून सुरू होतो.

नळ आधी, गटार मागाहून

विहारचे पाणी मुंबईत १८६० साली आले. तोपर्यंत शहर विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होते. पाणी शेंदून आणायचे असल्यामुळे ते बेतानेच वापरले जाई. मैला टोपल्यांतून आणि गाड्यांतून वाहून नेला जाई. हे काम ज्यांच्या माथी मारले होते, त्यांना मुंबईत ‘हलालखोर’ म्हणत. या सेवेसाठी घरमालकांकडून घेतल्या जाणाऱ्या कराला १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातही ‘हलालखोर कर’ असेच नाव होते. आज मुंबईकरांच्या बिलात जो मलनिस्सारणाचा आकार दिसतो, त्याचा हा पूर्वज.

नळ आल्यावर पाण्याचा वापर वाढला, पण ते वाहून नेणारी गटारे जुनीच राहिली. शहराच्या मध्यातून एक मोठा नाला जाई. त्याला ‘मेन ड्रेन’ म्हणत. तो वरळीच्या बाजूला समुद्राला मिळे. आता अडचण अशी, की मुंबईच्या मधला पुष्कळसा भाग म्हणजे समुद्र हटवून काढलेली सखल जमीन. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी या जमिनीपेक्षा वर जाते. त्यामुळे भरतीला नाल्याची दारे बंद ठेवावी लागत आणि तेवढा वेळ सगळी घाण आत तुंबून राही. १८६५ च्या कायद्याने मुंबईला म्युनिसिपल कमिशनर मिळाला, आणि आर्थर क्रॉफर्ड या पहिल्या कमिशनरच्या काळात शहराचे आरोग्याधिकारी होते डॉ. हेवलेट. शहरातल्या जमिनीत घाण मुरत चालली आहे, हे त्यांचे सततचे सांगणे होते.

कॅप्टन हेक्टर टुलक या अभियंत्याने बंद भुयारी गटारांची योजना मांडली. तिच्यावर अनेक वर्षे वाद झाला. मैला समुद्रात सोडायचा, तर कोणत्या टोकाला? की तो समुद्रात न सोडता जमिनीवर पसरून शेतीला द्यायचा? हा दुसरा विचार त्या काळी काही विक्षिप्त नव्हता. पॅरिसचे सांडपाणी जेनव्हिलियेच्या भाजीमळ्यांना जात होते. बर्लिनने शहराबाहेर त्यासाठी मोठ्या जमिनी घेतल्या होत्या. लंडन आपले खत थेम्समधून समुद्रात फेकून देते आहे, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग बजावत होता.

याच काळात क्रॉफर्डसाहेबांच्या उधळपट्टीविरुद्ध करदात्यांनी चळवळ केली. त्यातून १८७२ चा कायदा आला आणि मुंबईला निवडून दिलेले नगरसेवक मिळाले. तरुण फिरोजशहा मेहता या वादातूनच पुढे आले. आपल्या नगरपालिकांवरील लोकांच्या देखरेखीचा आरंभ इथे झाला, असे म्हणायला हरकत नाही. पण ही देखरेख होती ती मुख्यतः खर्चावर. मार्केट बांधले तर ते दिसते, त्याच्या खर्चावरून भांडता येते. जमिनीखालचे गटार दिसत नाही आणि त्यातून काय वाहते, हे मोजण्याची पद्धतही तेव्हा नव्हती. अखेर भुयारी गटारे झाली आणि १८८० च्या दशकात वरळीला लव्हग्रोव्हचे पंपिंग स्टेशन उभे राहिले. पावसाळ्यातल्या बातम्यांत आजही हे नाव आपल्या कानावर येते. मैला इथवर यावा, पंपाने उचलला जावा आणि समुद्रात पडावा, अशी ती व्यवस्था होती.

१८९२ साली तानशाचे पाणी आले आणि चारच वर्षांनी, १८९६ मध्ये, मांडवीत प्लेग सुरू झाला. रोगाचे मूळ गटारांत आहे अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडण्याचा सपाटा चालला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे नंतर कळले. पण गटार हा सर्व शहराच्या जिवाशी संबंधित विषय आहे, ही जाणीव मुंबईला त्या भीतीने दिली.

माटुंग्याचा प्रयोग

या साऱ्या धामधुमीत शहराच्या एका कोपऱ्यात एक वेगळीच गोष्ट घडत होती. मराठी वाचकांना ॲक्वर्थ हे नाव पोवाड्यांमुळे ठाऊक असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साथीने त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध केला आणि १८९४ साली त्यांतल्या काहींची इंग्रजी भाषांतरेही छापली. हे एच. ए. ॲक्वर्थ पेशाने मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. रस्त्यावर भीक मागणाऱ्या निराधार कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी १८९० साली माटुंग्याला एक आश्रम काढला. आज वडाळ्याला महापालिकेचे जे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, ते हेच.

शेकडो माणसे राहणाऱ्या या आश्रमातल्या मैल्याचे करायचे काय, हा प्रश्न होताच. तिथे मैल्याच्या पाण्यावर शेती करण्यात आली आणि ज्यांना झेपेल ते रुग्ण तिच्यावर काम करू लागले. पुढे महापालिकेचे ड्रेनेज अभियंता सी. कारकीट जेम्स यांनी या जागी सेप्टिक टँकचे प्रयोग केले. हे तंत्र तेव्हा अगदी नवे होते. इंग्लंडमधल्या एक्सेटर गावी डोनल्ड कॅमेरॉनने अशी टाकी बांधली होती ती १८९५ च्या सुमारास. कल्पना अशी, की मैल्याचे पाणी बंद टाकीत काही काळ थांबू द्यायचे. हवा नसली तरी जगणारे जिवाणू त्यातली घाण कुजवतात, गाळ तळाशी बसतो, बरेचसे निवळलेले पाणी पुढे जाते आणि वर वायू जमतो. हा वायू जळतो.

विलायतेत हे काम थंडीमुळे हळू चाले. मुंबईच्या उष्ण हवेत जिवाणू अधिक झपाट्याने काम करतात. माटुंग्याच्या टाक्यांवर १८९७ साली वायू गोळा करण्याची सोय केली गेली आणि त्या वायूवर इंजिन चालवले गेले. म्हणजे आज आपण ज्याला मैल्यापासून ऊर्जा आणि सांडपाण्याचा पुनर्वापर म्हणतो, त्या दोन्ही गोष्टी मुंबई महापालिकेच्या एका संस्थेत सव्वाशे वर्षांपूर्वी एकत्र नांदत होत्या. जेम्स यांनी हे अनुभव आपल्या पुस्तकांत लिहून ठेवले. ‘ड्रेनेज प्रॉब्लेम्स ऑफ द ईस्ट’ हे त्यांचे १९०६ सालचे पुस्तक अभियंत्यांत बरेच वाचले गेले.

इथे एक दुरुस्ती करून ठेवतो. बायोगॅसविषयीच्या कितीतरी देशी-विदेशी पुस्तकांत असे छापलेले आढळते, की जगातले असे पहिले संयंत्र १८५९ साली मुंबईच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत उभे राहिले. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, असे ते वाक्य फिरत राहिले आहे. पण आश्रम निघाला तोच १८९० साली. तेव्हा १८५९ हे साल बरोबर असू शकत नाही. मुंबईचा मान तेवढ्याने कमी होत नाही. फक्त तो चाळीस वर्षे अलीकडे आणायला हवा.

या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आश्रमातली माणसे तिथे आपखुशीने आलेली होतीच असे नाही. त्यांतल्या अनेकांना रस्त्यावरून उचलून आणले होते. १८९८ साली कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा झाला आणि निराधार रुग्णांना असे डांबून ठेवण्याला देशभर कायद्याचा आधार मिळाला. मैल्याच्या पाण्यावर शेती करायची की नाही, ते पाणी पुरेसे स्वच्छ आहे की नाही, हे त्यांना कोणी विचारले नसणार. सांडपाण्याचा पहिला आधुनिक प्रयोग ज्यांच्या हातांनी झाला, त्यांना ‘नको’ म्हणण्याची सोय नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

समुद्र तक्रार करत नाही

माटुंग्याचे तंत्र वाया गेले असे नाही. मुंबई उत्तरेकडे वाढली, दादर-माटुंग्याच्या वसाहती झाल्या आणि १९३० च्या दशकात दादरला मलजल शुद्धीकरणाचे केंद्र उभे राहिले. तिथेही गाळापासून वायू मिळे. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास शेणापासून वायू काढण्याचे जे प्रयोग केले, त्यांची प्रेरणा दादरच्या केंद्रातली होती, असे गोबरगॅसच्या इतिहासात नोंदलेले आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांत पुढे गावोगावी दिसू लागलेल्या गोबरगॅसच्या टाक्यांचे एक मूळ असे दादरच्या गटारात आहे.

मग मुंबई शहराने सगळे सांडपाणी असेच का वापरले नाही? याचे उत्तर सरळ आहे. समुद्र जवळ होता आणि फुकट होता. त्याला मोजमाप लागत नाही, तो पैसे मागत नाही आणि तक्रार करत नाही. तक्रार करणारे होते ते किनाऱ्यावरचे कोळी. पण मासळी कमी झाली ती कोणत्या नळामुळे, हे सिद्ध करण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

पुढे शहराचे सात विभाग करून जागतिक बँकेच्या साहाय्याने मलनिस्सारणाची मोठी योजना राबवण्यात आली. वरळी आणि वांद्रे इथे समुद्राखालून तीन किलोमीटरहून लांब नळ टाकले गेले. चाळण्यांतून कचरा काढायचा, वाळू बसू द्यायची आणि उरलेले पाणी दूर खोल समुद्रात सोडायचे, अशी ती पद्धत. कायद्यातल्या मापानेही समुद्राला सवलत दिली होती. पाण्यातली घाण कुजताना जो प्राणवायू खाते, त्याला बीओडी म्हणतात. घाण जितकी जास्त तितका हा आकडा मोठा. १९८६ च्या पर्यावरण कायद्याखालील सर्वसाधारण मापदंडांप्रमाणे नदीत सोडायच्या पाण्याला लिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा होती, तर समुद्रासाठी आणि शेतजमिनीसाठी १००. शेतजमिनीला दिलेली ही सवलत वाचून मला माटुंग्याची आठवण झाली.

देखरेख करणाऱ्यावर देखरेख

स्वातंत्र्यानंतर एक मूलभूत बदल झाला. तोपर्यंत नगरपालिका ही घाण करणाऱ्यांवर नजर ठेवणारी संस्था होती. तिचे निरीक्षक कोणाच्या मोरीचे पाणी रस्त्यावर येते ते बघत आणि नोटिसा देत. शहरे वाढली तेव्हा लक्षात आले, की नदीत सर्वांत जास्त घाण सोडणारी संस्था तर खुद्द नगरपालिकाच आहे. कारखाने बदनाम झाले, पण आपल्या बहुतेक नद्यांतली घाण आकारमानाने पाहिली तर घराघरांतून आलेली असते.

या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. जलप्रदूषणाला आळा घालणारा राज्याचा स्वतःचा कायदा १९६९ साली झाला आणि सप्टेंबर १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा आला १९७४ साली. तो महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वीकारला. या कायद्यांनी नगरपालिकेला कारखान्याच्या रांगेत बसवले. पाणी सोडायचे तर मंडळाची संमती घ्या, असे तिलाही सांगितले.

पण कारखाना बंद करता येतो, शहर बंद करता येत नाही. नगरपालिकेचे ठरलेले उत्तर असे, की पैसे नाहीत. या उत्तराचा निकाल १९८० साली सर्वोच्च न्यायालयात लागला. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या एका वस्तीतले रहिवासी उघड्या गटारांना आणि दुर्गंधीला कंटाळून दंडाधिकाऱ्याकडे गेले होते. दंडाधिकाऱ्याने गटारे बांधण्याचा हुकूम दिला. नगरपालिका त्याविरुद्ध वर वर जात दिल्लीपर्यंत पोहोचली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिचे म्हणणे फेटाळले. कायद्याने सोपवलेले आरोग्याचे कर्तव्य तिजोरी रिकामी आहे म्हणून टाळता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. शहराच्या घाणीबद्दल नागरिक नगरपालिकेला जाब विचारू शकतात, हे या निकालाने पक्के केले.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर आणखी एक हत्यार नागरिकांच्या हाती आले. महापालिकांच्या कायद्यांत बदल झाले आणि दर वर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाचा सद्यःस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवणे आयुक्तांना बंधनकारक झाले. किती पाणी आले, किती सांडपाणी तयार झाले, कितीवर प्रक्रिया झाली, हे त्यात द्यायचे असते. बहुतेक ठिकाणी तो सादर होतो, दाखल करून घेतला जातो आणि कपाटात जातो. नगरसेवकांनी त्यावर तासभर चर्चा केल्याचे क्वचितच वाचायला मिळते.

कायदे झाले, मंडळे झाली, अहवाल झाले. तरी काम किती झाले? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे चारातल्या एका हिश्श्याच्या जरा वर. याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे उभारलेल्या प्रकल्पांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. पैसे खर्चून बांधलेल्या यंत्रणेपैकीही एक तृतीयांशाहून अधिक रिकामी बसली होती. कुठे मलवाहिनी जोडलेली नसते, कुठे विजेचे बिल परवडत नाही, कुठे पंप बिघडलेला असतो. निरीक्षक नमुना घेऊन गेला की पुढच्या नमुन्यापर्यंत कोणाला काही वाटत नाही.

नागपूरची गोष्ट

नागपूरचे उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था याच शहरात १९५८ साली निघाली. १९७४ मध्ये तिचे नाव ‘नीरी’ झाले. पण शास्त्रज्ञ शेजारी असले म्हणून नदी स्वच्छ राहते असे नाही. ज्या नाग नदीवरून शहराला नाव मिळाले, तिचा नाला झाला तो याच काळात. ही नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि नागपूरची घाण गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत जाते.

दुसरीकडे नागपूरजवळच कोराडी आणि खापरखेडा इथली औष्णिक वीज केंद्रे. वाफ थंड करण्यासाठी त्यांना रात्रंदिवस पाणी लागते. ते येई पेंच प्रकल्पातून. नागपूर शहर पिते तेही पेंचचेच, आणि ज्यांच्या शेतीसाठी धरण बांधले ते शेतकरीही त्याच पाण्याकडे डोळे लावून बसलेले. कोराडीला नवे मोठे संच बसवायचे ठरले तेव्हा त्यांना पाणी द्यायचे कुठून, हा पेच पडला. त्यातून असा विचार पुढे आला, की कारखान्याच्या थंडाव्यासाठी पिण्याच्या दर्जाचे पाणी कशाला? शहराचे सांडपाणी स्वच्छ करून दिले तर?

महापालिका आणि महानिर्मिती कंपनी यांच्यात करार झाला, केंद्राच्या नागरी योजनेतून मदत मिळाली आणि भांडेवाडीला रोज सुमारे तेरा कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. २०१५ नंतर हे पाणी कोराडीला जाऊ लागले. पुढे भांडेवाडीतच रोज वीस कोटी लिटरचा दुसरा प्रकल्पही झाला. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने तर सांडपाणी प्रकल्पापासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे सक्तीचे केले. मुंबईतही चेंबूरच्या आरसीएफ या खत कारखान्याने २००० सालच्या सुमारास महापालिकेकडून मैल्याचे पाणी घेऊन, ते स्वतः शुद्ध करून वापरायला सुरुवात केली होती.

या प्रकल्पांतले यंत्र काही जगावेगळे नाही. फरक आहे तो नळाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे एक गिऱ्हाईक बसले आहे. त्याला ठरलेल्या दर्जाचे पाणी ठरलेल्या वेळी हवे असते. कमी आले तर त्याचा संच अडचणीत येतो, गढूळ आले तर नळ्यांत क्षार बसतात. त्यामुळे ते मीटरवर लक्ष ठेवते, पाणी रोज तपासते आणि बिघाड झाला की त्याच दिवशी फोन करते. वर्षातून काही नमुने नेणाऱ्या निरीक्षकापेक्षा हा पहारा पुष्कळ कडक असतो. नाग नदी एवढ्याने स्वच्छ झाली नाही, शहराचे नाले अजून तिच्यात येतातच. पण जे पाणी करारात बांधले गेले, त्याच्यावर लक्ष आहे.

नाही म्हणण्याचा हक्क

याच्या शेजारी पुण्याचे उदाहरण ठेवून बघा. खडकवासल्याच्या साखळीतले पाणी पुणे वाढत्या प्रमाणात पिऊ लागले आणि दौंड-हवेलीच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला ते कमी येऊ लागले. तोड निघाली ती अशी, की शहराने जादा पाणी घ्यावे आणि त्याबदल्यात साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीला परत करावे. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधून नदीतले पाणी जुन्या मुठा कालव्यात उचलण्याची सोय केली गेली. कागदावर हा उत्तम सौदा आहे. तो खरा व्हायचा तर नदीत येणारे सगळे सांडपाणी आधी स्वच्छ व्हायला हवे, आणि पुण्याची प्रक्रियेची क्षमता तर गरजेच्या मागे राहत आली. ती वाढवण्यासाठी जपानच्या अर्थसाहाय्याची सुमारे ९९० कोटींची योजना २०१६ साली मंजूर झाली आणि तिलाही विलंबच झाला. दरम्यान कालव्यात काळे, फेसाळ पाणी येते, विहिरी बिघडतात, अशी तक्रार शेतकरी करत राहिले. हेच पाणी पुढे भीमेतून उजनीत जाते आणि उजनीवर सोलापूर शहर अवलंबून आहे.

दोन्हीकडे पुनर्वापर आहे, दोन्हीकडे करार आहे. मग फरक कशात? वीज कंपनीचा करार तिने स्वतः केलेला आहे. पाणी वाईट आले तर ते न घेण्याची, पैसे अडवण्याची ताकद तिच्याकडे आहे. मुंढव्याचा करार महापालिका आणि जलसंपदा खाते यांच्यातला. ज्याच्या उसाला ते पाणी मिळते, तो शेतकरी त्यात पक्षकार नाही. त्याने ते घेतले नाही तर त्याचे पीक वाळते. घेतले तर जमीन बिघडण्याची भीती. त्याला दुसरे पाणी नाही, म्हणून ‘नको’ म्हणता येत नाही. माटुंग्याच्या आश्रमात शेतीवर राबणाऱ्या रुग्णांचीही अवस्था तीच होती. सांडपाण्याचा पुनर्वापर या एकाच नावाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी करत आलो आहोत. एकात पाणी घेणारा ते तपासून घेतो. दुसऱ्यात ते त्याच्या गळ्यात मारले जाते.

म्हणून स्थानिक संस्थांनी देखरेख करावी असे आपण म्हणतो, तेव्हा नुसते आणखी निरीक्षक नेमून भागणार नाही. प्रक्रिया केलेले पाणी घेणारा कोण आहे, त्याच्याशी लेखी करार आहे का, पाण्याची तपासणी रोज होते का, ती त्याला दिसते का, आणि दर्जा घसरला तर त्याला ते नाकारून दुसरे पाणी मागण्याचा हक्क आहे का, हे विचारायला हवे. शेतकऱ्यांच्या बाबतीत हा हक्क पाणीवापर संस्थांना देता येईल. कालव्याच्या तोंडाशी पाणी तपासण्याचे साधन त्यांच्या हाती असावे आणि त्यांच्या सहीशिवाय महापालिकेच्या खात्यावर ‘पाणी परत केले’ अशी नोंद होऊ नये. एवढे केले तरी साडेसहा टीएमसीचा आकडा खरा आहे की नाही, ते दर महिन्याला कळेल.

मुंबईत आता नवी वेळ आली आहे. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप इथल्या सात प्रकल्पांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. त्यांची एकत्रित क्षमता रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर आणि खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये. लव्हग्रोव्हच्या पंपांनी दीडशे वर्षांपूर्वी सुरू केलेली समुद्राची वाट बदलण्याची ही मोठी संधी आहे. पण पाणी स्वच्छ करून पुन्हा समुद्रातच सोडायचे असेल, तर ते किती स्वच्छ झाले हे बघणारा तिथे पुन्हा कोणी असणार नाही. हे पाणी बागांना, रस्ते धुण्याला, बांधकामांना, कारखान्यांना, रेल्वेच्या यार्डांना देता येईल; त्यांच्याशी करार प्रकल्प पूर्ण होण्याआधी व्हायला हवेत.

आपल्या गावाचा पर्यावरण अहवाल ३१ जुलैच्या आत येतो. नगरपालिका असो वा महापालिका, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला त्यातला एकच प्रश्न विचारून बघावा: आपले शुद्ध केलेले पाणी कोण घेते, आणि त्याने शेवटची तक्रार केव्हा केली? घेणाऱ्याचे नाव आणि तक्रारीची तारीख सांगता आली, तर त्या गावात देखरेख चालू आहे असे समजावे.